अंतराला वेळेत बांधणारा वैमानिक

वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. मात्र मुंबई आणि कोलकाता या विमानतळांना जोडणारी पृथ्वीवरील सर्वांत जवळची रेषा आखली, तर ती वाशीम शहराच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरवरून, मालेगाव आणि मंगरुळपीर यांच्या अगदी लगतून जाते. मुंबई-नागपूर ही रेषाही कारंजाच्या थोड्या उत्तरेहून सरकते. वारा, हवामान आणि नियंत्रण कक्षाच्या सूचना यांनुसार विमानाचा प्रत्यक्ष मार्ग थोडाफार बदलतो, हे खरे. तरीही सोयाबीनच्या नाहीतर तुरीच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला डोक्यावरून जाणारी ती पांढरी रेघ परिचयाची असते. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणारे आजचे जेट विमान आपला अख्खा जिल्हा सहा-सात मिनिटांत ओलांडून जाते.

मुंबई ते कोलकाता हे हवाई अंतर सुमारे १,६६० किलोमीटर आहे. ते शंभर वर्षांपूर्वीही तेवढेच होते आणि पुढेही तेवढेच राहील. बदलतो तो वेळ. दोन विमानतळांमधील अंतर निसर्गाने ठरविलेले असते, पण ते कापायला लागणारा वेळ माणसे ठरवितात. त्यासाठी यंत्र लागते, पैसा लागतो, धाडस लागते. आणि या सर्वांपेक्षा अधिक, ठरलेली वेळ पाळण्याचा हट्ट लागतो. भारताच्या आकाशात हा हट्ट ज्यांनी आयुष्यभर धरला, ते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच सर्वांना परिचित असलेले जेआरडी. उद्योगपती म्हणून त्यांच्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या आयुष्याकडे पाहायचे आहे ते मुख्यतः अंतर आणि वेळ यांच्या या हिशेबातून.

दोन देशांतील बालपण

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि व्यवसायातील सहकारी. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. विवाहानंतर ती सूनी झाली. विदर्भाला टाटा हे नाव त्यापूर्वीच ठाऊक झालेले होते. जमशेटजींनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाच्या भरवशावरच या घराण्याच्या औद्योगिक वैभवाचा पाया घातला गेला होता.

या मुलाचे बालपण मात्र एका गावात स्थिरावले नाही. फ्रान्स, भारत, जपान, इंग्लंड असे त्याचे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले. मुंबई आणि युरोप यांमधील अंतर म्हणजे काय, हे त्याला भूगोलाच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. वडील मुंबईत आणि आई-भावंडे फ्रान्समध्ये, अशी कुटुंबाची वर्षानुवर्षे ताटातूट होत असे. आगबोटीचा प्रवास आठवड्यांचा आणि पत्राचे उत्तर महिन्यांनी येणारे. त्यातच आईला क्षयाने ग्रासले. १९२३ मध्ये ती गेली, तेव्हा जेआरडी अवघे एकोणीस वर्षांचे होते.

विमानाचे वेड त्यांना लागले ते उत्तर फ्रान्समधील हार्देलो या समुद्रकाठच्या गावी. टाटा कुटुंब उन्हाळ्यात तेथे राहावयास जाई. इंग्लिश खाडी विमानातून प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचेही घर तेथे होते. २५ जुलै १९०९ रोजी ब्लेरियोंनी केलेले ते उड्डाण केवळ चाळीसेक किलोमीटरचे आणि सुमारे सदतीस मिनिटांचे होते. पण त्या सदतीस मिनिटांनी समुद्राने वेगळे केलेले दोन देश एकमेकांच्या शेजारी आणून बसविले. त्या किनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहत वाढलेल्या जेआरडींना पंधराव्या वर्षी प्रथमच विमानात बसावयास मिळाले. आपणही वैमानिक व्हायचे, हे त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकले.

फ्रेंच नागरिक असल्यामुळे त्यांना तेथील सैन्यात एक वर्ष सक्तीची सेवा करावी लागली. घोडदळात आणखी काही काळ राहावे, अशी त्यांची इच्छा होती. पण वडिलांनी मुंबईस बोलावून घेतले. पुढे त्यांची ती तुकडी मोरोक्कोतील लढाईत गारद झाली. १९२५ च्या अखेरीस जेआरडी बिनपगारी उमेदवार म्हणून टाटांच्या मुंबईतील कचेरीत रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी पितृछत्रही हरपले. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकण्याचे स्वप्न कायमचे मागे राहिले. विद्यापीठाची पदवी नसल्याची खंत त्यांना अखेरपर्यंत होती. १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

परवाना क्रमांक एक

१९२८ मध्ये मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला. चोवीस वर्षांचे जेआरडी तेथे नाव नोंदविणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी होते. प्रशिक्षकासोबत जेमतेम साडेतीन तासांचे उड्डाण होताच त्यांना एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या अशा परवान्यांमध्ये त्याचा क्रमांक पहिला होता.

त्याच सुमारास आगाखान यांनी एक स्पर्धा जाहीर केली. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने, ठरलेल्या मुदतीत, विमानाने कापणाऱ्या पहिल्या भारतीयास पाचशे पौंडांचे पारितोषिक मिळणार होते. उड्डाण कोणत्याही दिशेने केले तरी चालणार होते. तीन तरुण या ईर्षेने पुढे आले. मनमोहनसिंग आणि अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून भारताकडे निघाले, तर जेआरडींनी मे १९३० मध्ये कराचीहून इंग्लंडच्या दिशेने प्रयाण केले.

त्या काळी असा प्रवास म्हणजे टप्प्याटप्प्यांची शर्यत असे. एका इंजिनाचे लाकूड-कापडाचे विमान, वर उघडे आकाश, खाली इराणचा किनारा, अरबस्तानचे वाळवंट, मग भूमध्य समुद्र. दर काही तासांनी इंधनासाठी उतरावे लागे. रात्री उड्डाणाची सोय नव्हती. इंजिन रुसले तर जेथे असाल तेथेच मुक्काम.

असाच मुक्काम अस्पींच्या वाट्याला इजिप्तमधील अबुकीर येथे आला. त्यांच्या विमानाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि नवे मिळण्याची वाट पाहण्याखेरीज उपाय नव्हता. योगायोगाने जेआरडी तेथे उतरले. समोर अडकून पडलेला तरुण हा आपला प्रतिस्पर्धी आहे आणि प्रत्येक तास महत्त्वाचा आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग अस्पींना देऊन टाकले. अस्पींनीही परतफेड म्हणून समुद्रावरून जाणाऱ्या जेआरडींना स्वतःचे जीवरक्षक जाकीट दिले. दोघे आपापल्या दिशांनी निघून गेले.

अस्पी आधी कराचीस पोहोचले आणि पारितोषिक त्यांना मिळाले. मनमोहनसिंगही पोहोचले होते, पण त्यांची मुदत थोडक्यात चुकली होती. जेआरडी हरले, आणि त्यांनी ही हार आनंदाने स्वीकारली. अस्पी इंजिनिअर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. या स्पर्धेने जेआरडींना एक गोष्ट मात्र शिकविली असावी. एखाद्या शूराने एकदा अंतर कापले म्हणजे मार्ग तयार होत नाही. तेच अंतर सामान्य माणसाच्या कामासाठी, रोज, ठरलेल्या वेळेत कापता आले पाहिजे.

सव्वासात तासांचा प्रवास

ही संधी टपालाच्या थैलीतून चालून आली. १९२९ च्या मार्चअखेरीस लंडन ते कराची अशी ब्रिटिश हवाई टपालसेवा सुरू झाली होती. आठवडाभरात लंडनचे पत्र कराचीस येऊन पडे, आणि तेथून पुढे मात्र ते आगगाडीच्या हवाली होई. विमानाने जे दिवस वाचविले, त्यातले काही रेल्वे खाऊन टाकत असे. नेव्हिल विन्सेंट नावाच्या एका माजी ब्रिटिश वैमानिकाच्या ध्यानात हे आले. कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत हवाई टपाल न्यावे, अशी योजना घेऊन तो टाटांकडे आला. वयोवृद्ध सर दोराबजी टाटा फारसे उत्सुक नव्हते. पण जेआरडींचे मार्गदर्शक जॉन पीटरसन यांनी त्यांचे मन वळविले. सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलावर, दोन छोट्या विमानांनिशी आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांनिशी टाटांचे हवाई खाते उभे राहिले. सरकारने अनुदान दिले नाही. नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला तेवढा मिळणार होता.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून जेआरडींनी टपालाच्या थैल्या घेऊन 'पस मॉथ' विमान आकाशात नेले. जवळ बिनतारी यंत्रणा नव्हती. जमिनीवरून वाट दाखविणारे कोणी नव्हते. अहमदाबादेत ते इंधनासाठी उतरले. तेथे विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी विमान मुंबईत जुहूच्या मैदानावर टेकले. तेथून पुढची जबाबदारी विन्सेंटने घेतली आणि बळ्ळारीमार्गे टपाल मद्रासला पोहोचविले.

या प्रवासाचा हिशेब आज मांडून पाहण्यासारखा आहे. कराची ते मुंबई सरळ हवाई अंतर पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास. अहमदाबादेवरून वळसा घेतला की ते हजारांच्या थोडे वर जाते. त्यास लागले सव्वासात तास. म्हणजे थांबा धरून ताशी वेग एकशेचाळीस किलोमीटरच्या आसपास पडला. त्या वेगाने वाशीम जिल्हा पार करावयाचा तर अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला असता. आज हा वेग समृद्धी महामार्गावरील मोटारीहून फार अधिक वाटणार नाही. पण त्या वेळच्या मापाने ही क्रांती होती. ज्या वऱ्हाडात बंजारा समाजाच्या तांड्यांनी शतकानुशतके धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून वाहिले आणि ज्या समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी आपल्याच जिल्ह्यात आहे, त्या मुलखातील वाचकाला अहमदाबादच्या त्या बैलगाडीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. नवे वाहन जुन्या वाहनाच्या खांद्यावर पाय देऊनच वर चढते.

जुहूचे तेव्हाचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडून जाई. म्हणून पावसाचे महिने विमाने पुण्यास हलवावी लागत. तरीही पहिल्या वर्षभरात या सेवेने १,६०,००० मैलांची मजल मारली आणि टपालाबरोबर १५५ प्रवासीही नेले. वेळापत्रक काटेकोरपणे पाळले गेले, हे त्याहून महत्त्वाचे. डोंगर, धुके आणि पाऊस यांना न जुमानता थैली ठरलेल्या दिवशी पोहोचते, हा विश्वास निर्माण झाला. हवाई वाहतुकीचे खरे भांडवल तेच होते.

मुंबई ते लंडन, एका दिवसात

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज असा सगळा पसारा त्यांच्याकडे आला. कर्करोगावरील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि डॉ. होमी भाभा यांची मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये उभी राहिली, ती त्यांच्याच पाठबळाने. तरीही त्यांचे मन गुंतले होते ते विमानात. ज्याने ही वाट दाखविली तो विन्सेंट मात्र १९४२ मध्ये युद्धकाळात इंग्लंडहून विमानाने परतत असताना कायमचा नाहीसा झाला. जेआरडींना हा घाव फार लागला.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे रूपांतर 'एअर इंडिया' या सार्वजनिक कंपनीत झाले. स्वातंत्र्य मिळाल्यावर जेआरडींनी सरकारपुढे परदेशी सेवेचा प्रस्ताव ठेवला. सरकारचा आणि टाटांचा संयुक्त सहभाग असलेली एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी त्यातून जन्मास आली. ८ जून १९४८ रोजी तिचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला उतरले. स्वतः जेआरडीही त्या विमानात होते.

मुंबई-लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. कैरो आणि जिनिव्हा यांवरून गेल्यास ते ७,९०० च्या घरात जाते. ज्या प्रवासास आगबोटीने दोन-अडीच आठवडे लागत, तो आता सुमारे एका दिवसावर आला होता. भाडे होते १,७२० रुपये. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडची होती, हे खरे. पण जेआरडींच्या स्वतःच्या आयुष्याशी ताडून पाहिले की या एका दिवसाचे मोल कळते. आई एका खंडात आणि वडील दुसऱ्या खंडात, अशा घरातून आलेला हा माणूस होता.

१९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ ही जेट विमाने आणली. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपासचा वेग नऊशेच्या घरात गेला. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर तब्बल साडेबारा हजार किलोमीटर. १९६२ पर्यंत कंपनीने जुनी पंख्याची विमाने काढून टाकली आणि सर्व विमाने जेट असलेली जगातील पहिली कंपनी असा लौकिक मिळविला. आज मुंबईहून लंडनला न थांबता जाणारे विमान साधारणतः नऊ-दहा तासांत पोहोचते. परतीच्या प्रवासास त्याहून कमी वेळ लागतो. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे विमानास पाठीमागून ढकलतात. अंतर दोन्ही वेळा तेच, वेळ मात्र वेगळा.

नागपूरची मध्यरात्र

स्वातंत्र्यानंतरच्या काळातील एका प्रकरणाचा संबंध थेट विदर्भाशी येतो. तत्कालीन दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या मनात रात्रीच्या हवाई टपालाची कल्पना होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमाने निघावीत, देशाच्या मध्यावर असलेल्या नागपुरात त्यांनी एकत्र यावे, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करावी आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतावे. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी दिल्लीत वा मद्रासेत मिळणार होते.

जेआरडींनी या योजनेस विरोध केला. रात्री विमाने उतरविण्याच्या सोयी अपुऱ्या आहेत आणि आर्थिक दृष्ट्याही हे परवडणारे नाही, असे त्यांचे मत होते. मंत्री आणि उद्योगपती यांच्यात त्यावरून जाहीर वाद झाला. किडवाई मागे हटले नाहीत. इतर कंपन्यांच्या साहाय्याने जानेवारी १९४९ अखेर ही सेवा सुरू झाली आणि मध्यरात्रीचे सोनेगाव विमानतळ काही तासांपुरते साऱ्या देशाच्या टपालाचा चौक बनू लागले. मुंबईकडील विमान कारंजा-मूर्तिजापूरच्या आसपासच्या अंधाऱ्या आकाशातूनच ये-जा करीत असणार. राष्ट्रीयीकरणानंतरही ही सेवा चालू राहिली. जेआरडींची सावधगिरी अनाठायी नव्हती, परंतु किडवाईंची दृष्टीही तितकीच खरी ठरली. ज्या माणसाने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बिनतारी यंत्राशिवाय कराची-मुंबई मार्ग आक्रमिला, त्याने रात्रीच्या उड्डाणाला नकार द्यावा, यात विसंगती दिसते. पण स्वतःचा जीव पणाला लावणे वेगळे आणि रोजच्या प्रवाशांची हमी घेणे वेगळे, हा भेद त्यांनी नेहमीच पाळला.

घड्याळ आणि विमान

१ ऑगस्ट १९५३ रोजी सरकारने हवाई कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. आपल्याला विश्वासात न घेता हा निर्णय झाल्याचे दुःख जेआरडींना झाले आणि त्यांनी ते लपविले नाही. तरीही पंडित नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी परदेशी सेवेच्या महामंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे ते विनावेतन सांभाळले. मालकी गेली, पण जबाबदारी त्यांनी स्वतःकडे ठेवली. असे उदाहरण आपल्या सार्वजनिक जीवनात विरळाच.

प्रवासात असताना ते एका डोळ्याने पाहुणे आणि दुसऱ्या डोळ्याने पर्यवेक्षक असत. पडदे मळके आहेत का, चहा आणि कॉफी यांच्या रंगांत फरक दिसतो का, आसन नीट मागे जाते का, सेवकवर्गाचा पोशाख कसा आहे, अशा बारीकसारीक बाबी टिपून ते अधिकाऱ्यांना लिहून कळवीत. कचेरीतील धुळीने भरलेले मेज त्यांनी स्वतः फडके घेऊन पुसल्याची हकिकत त्यांचे सहकारी सांगत. जिनिव्हात एअर इंडियाचे विमान उतरताना पाहून लोक घड्याळ लावीत, अशीही एक आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातून त्या काळातील नावलौकिकाची कल्पना येते. अंतर यंत्र कापते. वेळ मात्र शिस्त पाळते, हे त्यांना पक्के उमगले होते.

या वेगाची किंमतही त्यांनी जवळून पाहिली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच 'मलबार प्रिन्सेस' आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि ४८ जण मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर 'कांचनजंगा' हे बोइंग कोसळले. त्यातील ११७ मृतांमध्ये जेआरडींचे स्नेही डॉ. होमी भाभा होते. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईस निघालेले 'एम्परर अशोक' हे विमान उड्डाणानंतर काही वेळातच वांद्र्याजवळच्या समुद्रात पडले आणि २१३ जणांचा अंत झाला.

या आघातातून सावरण्यापूर्वीच दुसरा प्रसंग ओढवला. फेब्रुवारी १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. त्यांना ही बातमी समजली ती सरकारकडून नव्हे, तर त्यांच्या जागी नेमल्या गेलेल्या एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्याकडून. छेचाळीस वर्षांचे नाते एका आदेशाने तुटले. व्यवस्थापकीय संचालक के. जी. अप्पुसामी यांनी राजीनामा दिला आणि कर्मचाऱ्यांमध्ये हळहळ पसरली. १९८० मध्ये इंदिरा गांधी यांच्या सरकारने जेआरडींना संचालक मंडळावर पुन्हा घेतले. परंतु अध्यक्षपद त्यांच्याकडे पुन्हा आले नाही.

पुन्हा तीच वाट

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या टपाल उड्डाणास पन्नास वर्षे झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी 'लेपर्ड मॉथ' हे जुन्या घडणीचे छोटे विमान घेऊन कराची ते मुंबई हा प्रवास एकट्याने पुन्हा केला. मधल्या काळात मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले होते. जेटने हेच अंतर तास-दीड तासात कापणे नित्याचे झाले होते. मग या वयात हे साहस कशासाठी? नव्या पिढीला आत्मविश्वास यावा, पहिल्या प्रवासातील उमेद तिच्यापर्यंत पोहोचावी, हाच हेतू त्यामागे होता. वयोवृद्ध वैमानिकाने विमान जुहूच्या त्याच मैदानावर अलगद उतरविले, तेव्हा जमलेल्यांपैकी अनेकांचे डोळे पाणावले.

१९९१ मध्ये त्यांनी टाटा सन्सची सूत्रे रतन टाटा यांच्याकडे सोपविली. १९९२ मध्ये भारतरत्न देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. ज्या पॅरिसमध्ये जन्म झाला, तेथील पेर लाशेज दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांच्या ताब्यात आली, तो दिवस पाहण्यास ते नव्हते. आणि १२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान ज्या अहमदाबादेत कोसळले, त्याच अहमदाबादेत १९३२ साली बैलगाडीतून आलेल्या पेट्रोलवर त्यांचे विमान पुढे निघाले होते, ही आठवण मनाला चटका लावून जाते. आकाशातील प्रत्येक मिनिट कोणाच्या तरी दक्षतेवर उभे असते, हेच अशा घटना पुन्हा पुन्हा बजावतात.

वाशीमच्या माणसाच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ काय? मुंबई-नागपूर हे सुमारे ६८० किलोमीटरचे हवाई अंतर विमान दीड तासात कापते. पण रिसोड, मानोरा किंवा मंगरुळपीरहून विमानतळ गाठावयाचा तर आधी जिल्ह्याबाहेरचा रस्ता धरावा लागतो, आणि तेथे जाण्यात उड्डाणाहून अधिक वेळ जातो. डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा या भागातून जात असल्याने हा वेळ बराच आटला आहे. तरीही खुंटलेल्या वेळेचा प्रश्न संपलेला नाही. दोन विमानतळांतील वेळ कमी झाला. गाव आणि विमानतळ यांमधील वेळ कमी करणे हे पुढच्या पिढीचे काम आहे.

कराचीहून येणारे टपाल आगगाडीत अडकून पडते, हे पाहून ज्यांनी विमान बाहेर काढले, त्यांची दृष्टी नेमकी येथेच उपयोगी पडते. प्रवासाच्या सर्वांत वेगवान टप्प्याचे कौतुक सारेच करतात. विलंब कोठे होतो ते शोधून, तो दूर करण्यासाठी रोज घड्याळाशी बांधून घेणारी माणसे थोडी असतात. आपल्या शिवारावरून पुढच्या वेळी विमानाची रेघ उमटलेली दिसेल, तेव्हा अशा एका माणसाची आठवण अवश्य व्हावी.